चर्चमधल्या मुलींच्या गटाला विश्वासातून देशप्रेम कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मंडळीच्या तरुण संघातला बारा ते सोळा वयाच्या मुलींचा गट तुमच्याकडे आलाय, पाळकसाहेबांनी ‘विश्वास आणि देशप्रेम’ या विषयावर सहा रविवार घ्यायला सांगितलेत, आणि झेंडावंदन, भाषण, तिरंगी रिबिनी यापलीकडे काय घ्यावं ते सुचत नाही. मी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, बरीच वर्षं मुलींचा वर्ग घेते. त्या अनुभवावरून सांगते.

सगळ्यात आधी एक विनंती. ‘आपणही देशभक्त आहोत हे दाखवून द्या’ या सुरात एकही रविवार घेऊ नका. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी तसंच घेतलं. एकदा वर्ग सुटल्यावर आठवीतली एक मुलगी वहीचं कोरं पान उघडून, पेन हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. “मावशी, वर्गातल्या मुली म्हणतात तुमचा देव इंग्रजांनी आणला. मी काय सांगू? लिहून द्या ना.” मी तिला लिहून दिलं की केरळात इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून ख्रिस्ती मंडळ्या आहेत, वसईतले ख्रिस्ती पोर्तुगीज काळापासूनचे आहेत. सगळं खरंच होतं. पण ते पान नीट घडी घालून दप्तरात ठेवताना तिचा चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा होता. देशप्रेम म्हणजे दर सोमवारी शाळेत नेऊन दाखवायचा दाखला, असं मीच तिला शिकवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बायबलातलं यिर्मया २९:७ हे वचन या विषयावर हमखास घेतलं जातं: ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. वचन सुंदर आहे, पण ते बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. आपल्या मुली बंदिवान नाहीत, पाहुण्याही नाहीत. त्यांच्या पणज्या याच मातीत गेल्या. म्हणून ते वचन घ्यायचंच असेल तर हा फरक मुलींना स्पष्ट सांगा.

मी आता बायबलातल्याच नहेम्याच्या गोष्टीपासून सुरुवात करते. यरुशलेमेची भिंत पडली आहे हे ऐकून तो आधी रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो, मग कामाला जातो. तिसऱ्या अध्यायात कोणी कुठला भाग बांधला याची लांबलचक यादी आहे. बरेच जण आपापल्या घरासमोरचीच भिंत बांधतात. आणि बाराव्या वचनात शल्लूम नावाचा माणूस आपल्या मुलींना घेऊन कामाला लागलेला दिसतो. मी स्वतः हे वचन कितीतरी वर्षं नुसतं वाचून पुढे जात होते.

यावरून आमच्याकडे एक पद्धत पडली. प्रत्येक मुलीने आपल्या घरासमोरची किंवा शाळेतली एक पडकी ‘भिंत’ आणायची, आपण त्यासाठी महिनाभर प्रार्थना करायची आणि हाताला येईल ते काम करायचं. एकीने आणलं की शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. एक मुलगी आत, दोघी बाहेर दाराला पाठ लावून उभ्या. सातवीपासून हेच चाललेलं, आणि कोणी मोठ्यांना बोललं नव्हतं. मुलींनी ‘माननीय मुख्याध्यापक यांस’ म्हणून अर्ज लिहिला. पहिल्याचं काही झालं नाही. दुसऱ्यावर वर्गातल्या इतर मुलींच्याही सह्या घेतल्या, त्यात सगळ्या धर्मांच्या मुली होत्या, तिघींच्या आयाही भेटून आल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर कडी बसली. त्या रविवारी उपकारस्तुतीच्या वेळी ती मुलगी उठून एवढंच म्हणाली, “प्रभू, कडीबद्दल उपकार.” कोणी हसलं नाही. मघाचा ‘इंग्रजांचा देव’ हा प्रश्न त्या मुलींना शाळेत परत कोणी विचारला का, मला माहीत नाही. वर्गात तो परत आला नाही.

दोन रविवार पंडिता रमाबाईंना द्या. शाळेच्या पुस्तकात त्या विधवांच्या कैवारी म्हणून भेटतात, पण आपल्या मुलींना त्यांची दुसरी बाजू कळायला हवी. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, आणि तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं पटलं नाही तिथे तसं लिहून कळवलं. १८८९ च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी होत्या, त्यांत त्या होत्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांचे जे हाल चालले होते, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. ख्रिस्ती म्हणून इंग्रज सरकारच्या बाजूने गप्प बसल्या नाहीत. शक्य असेल तर मुलींना केडगावला रमाबाईंच्या आश्रमात, म्हणजे मुक्ती मिशनमध्ये, घेऊन जा. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली होत्या. हे ऐकताना मुली आपल्या हातांकडे बघतात.

राज्यघटनाही जरूर आणा. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते. राजकुमारी अमृत कौर आणि ॲनी मस्करीन या दोघी ख्रिस्ती स्त्रियाही समितीत होत्या. पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या त्या अमृत कौर.

एक विषय टाळू नका, मुली तो काढतातच: देश आणि देव यांचं पटलं नाही तर? तिथे मी निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या सुइणी घेते, शिप्रा आणि पुवा. मुलगे मारून टाका असा फारोचा हुकूम होता आणि त्यांनी बाळं जगवली. त्याला जोडून केरळची गोष्ट सांगते. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेतून काढली गेली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आमच्या मुली राष्ट्रगीत गातात, मीही मोठ्याने गाते. तरी ज्या देशाच्या न्यायालयाने एका लहानशा पंथातल्या पोरांची सदसद्विवेकबुद्धी जपली, तो देश त्यांना नीट ओळखीचा व्हावा असं मला वाटतं.

तुमच्या पहिल्या रविवारी भाषण ठेवू नका. नहेम्याचा तिसरा अध्याय मुलींकडूनच एकेक वचन मोठ्याने वाचून घ्या. नावं अवघड आहेत, अडखळतील, अडखळू द्या. बारावं वचन आलं की वाचन थांबवा आणि प्रत्येकीला एक कागद द्या.