चित्र बोलतं तिथं शब्दांनी थांबावं

मुलांच्या चित्रपुस्तकांबद्दल मराठवाड्यातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आठवडी बाजारात हरवलेलं करडू शोधणाऱ्या सखूची गोष्ट मी लिहिली आहे. दीड हजार शब्द झालेत. चित्रपुस्तकासाठी जास्त होतात का? आणि जो तो ३२ पानंच का सांगतो?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई

ताई, जास्त होतात. ३२ हा आकडा छापखान्यातून आलेला आहे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापून घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फॉर्म होतो. असे दोन फॉर्म म्हणजे ३२ पानं. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वगळलं की गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या चौदाएक जोड्या उरतात. मध्ये पिना मारायच्या असतील तर १६ किंवा २४ पानंही चालतात, फक्त पानांच्या संख्येला चारनं भाग गेला पाहिजे.

आता शब्दांचं. ‘सखूनं लाल परकर घातला होता’, ‘बाजारात खूप गर्दी होती’ ही वाक्यं चित्रकार दाखवणारच आहे, ती काढून टाका. चित्रात येत नाही ते ठेवा: आवाज, वास, मनातली धाकधूक. खरी गंमत तर शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरंच, तिथं असते. मजकूर म्हणतो, ‘करडू कुठंच नाही.’ चित्रात भाजीच्या पाटीमागून दोन कान डोकावतायत. वाचणाऱ्या मोठ्या माणसाचं लक्ष अक्षरांवर असतं, कान दिसतात ते लेकराला. ते बोट ठेवून ओरडतं, ‘ते काय तिथं!’ चित्रपुस्तक त्या ओरडण्यासाठीच करायचं असतं, असं मला मनापासून वाटतं.

उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी ठेवा आणि उत्तर पान उलटल्यावर द्या. कोरे कागद दुमडून वही करा, मजकूर कापून तिच्यात चिकटवा आणि वर्गात वाचून दाखवा. मुलं चुळबुळ करायला लागली की तिथं कात्री लावायची. तीन-चारशे शब्दांत सखू छान मावेल.

प्रकाशकानं गोष्ट पाठवली आहे. सुरुवात कुठून करू? गावाकडचे संदर्भ इंटरनेटवरून घेतले तर चालतील का?
– एक चित्रकार, नांदेड

रंगांना एवढ्यात हात लावू नका. एकाच मोठ्या कागदावर काडेपेटीएवढ्या चौकटी आखून सगळी पानं पेन्सिलीनं काढा. सलग चार पानांवर सगळं एकाच अंतरावरून दिसत असेल, तर ते इथंच कळतं. मग मुख्य पात्र पुढून, मागून, पळताना, रुसलेलं असं काढून ठेवा, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत ते तेच राहील. मजकुराची जागा आधीच मोकळी सोडा. चेहरा मधल्या घडीत जाऊ देऊ नका.

संदर्भाचं म्हणाल, तर बाहेर पडून बघा. इंटरनेटवरची काळी-पांढरी गाय बहुतेक वेळा होल्स्टीन, म्हणजे विदेशी जातीची असते. आपली देवणीही काळी-पांढरी असते, पण तिला वशिंड असतं, कान लांब आणि लोंबते. लाल कंधारी तर तुमच्याच जिल्ह्यातली. गोठ्यात रोज गाय बघणारं पोर चुकीची गाय लगेच ओळखतं आणि मग पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडतो. पैठणची जुनी चित्रकथी चित्रंही जरूर पाहा. कथेकरी एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगायचे. त्यांतल्या ठळक रेषा आणि मोठे डोळे आजही शिकण्यासारखे आहेत.

टॅबवर झळाळणारी चित्रं छापल्यावर मळकट का दिसतात?
– लातूर

पडदा रंग दाखवतो तो लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशानं. छपाई होते निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईनं. पडद्यावरचा भडक हिरवा किंवा निळा शाईत उतरतच नाही. छपाईचे रंग, म्हणजे सीएमवायके, सुरुवातीलाच निवडा आणि छापण्याआधी कागदावर प्रूफ काढून बघा. चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, असावं आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंगवलेलं असावं. नाहीतर कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहते.

शाळेसाठी २०० प्रती काढायच्या आहेत. ऑफसेट की डिजिटल? आयएसबीएन लागेल का?
– परभणी

डिजिटल, ती थेट संगणकावरून छापते. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. तो खर्च हजार-दोन हजार प्रतींवर पसरला तरच परवडतो. फक्त शाळेतच वाटणार असाल तर आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाची, गरज नाही. दुकानांत किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर घ्या. राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करा, शुल्क लागत नाही. आणि मुलांनी काढलेली चित्रं वापरणार असाल, तर प्रत्येकाचं नाव आत छापा.