एकादशी, दुप्पट खाशी आणि वजनकाटा

प्रश्न : दर सोमवार आणि दोन्ही एकादशा धरते. दुपारी साबुदाण्याची खिचडी, मध्ये थोडे वेफर्स, रात्री केळं, दिवसभरात चार चहा. दुसऱ्या दिवशी काटा अर्धा किलो उतरलेला दिसतो, गुरुवारपर्यंत पुन्हा होता तिथेच. सहा महिने झाले. चुकतंय कुठे?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, ते अर्धा किलो बहुतेक पाणीच. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्याच्या दर ग्रॅमला सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा उतरला की पाणी सुटतं, दोन जेवणं झाली की परत भरतं. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच करा, शनिवारी सकाळी, शौचाहून आल्यावर. उपासाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभंच राहू नका.

आता ताट मोजू. कोरडा साबुदाणा 75 ग्रॅम म्हणजे 265 कॅलरी, दाण्याचा कूट 30 ग्रॅम 170, दीड मोठा चमचा तूप 180, लहान बटाटा 45. झाल्या 660. दोन कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी आणि वाटीभर वांग्याची भाजी साधारण 560 वर थांबते, आणि उडदामुळे प्रथिनंही मिळतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. तो निव्वळ पिष्ट, त्यामुळे साखर भराभर चढते, उतरते आणि चार वाजता पुन्हा भूक लागते. तेव्हा वेफर्सची पिशवी उघडते. रावेर-यावलचं केळं सोलून खाल्लं तर शंभर कॅलरी. तेच तळून 50 ग्रॅम खाल्लं की अडीचशेच्या वर. दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा सुमारे 70, चार कपांचे 280.

उपास मोडायची गरज नाही, ताट बदला. 40 ग्रॅम भगर तिप्पट पाण्यात शिजवा, वर एक लहान चमचा तूप, वाटीभर दही, काकडीच्या कोशिंबिरीत चमचाभर कूट. साडेतीनशेच्या आत जेवण होतं. भगर मात्र सुटं पीठ आणून करू नका. अख्खी घ्या, निवडा, धुवा, लागेल तेवढीच घरी दळा. दमट, जुन्या पिठात बुरशी धरते आणि विषबाधा होते. आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला शिरा-पुरी झाली तर सोमवारची सगळी मेहनत त्या एका ताटात जाते.

प्रश्न : मधुमेह आहे, सकाळी ग्लिमेपिराइड घेतो. सोळा तासांचा उपास सुरू करू का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : गोळीचा डोस डॉक्टरांशी बोलून ठरल्याशिवाय नको. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. पोटात अन्न आलं की नाही, हे ती पाहत नाही. सकाळी गोळी आणि जेवण दुपारी बाराला, म्हणजे अकराच्या सुमारास हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, साखर लघवीतून बाहेर टाकणारी गोळी असेल तर धोका वेगळा: साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं. उलटी, पोटदुखी, धाप लागली तर थेट दवाखाना गाठा.

डॉक्टर हो म्हणाले तर बारा तासांपासून सुरुवात करा, रात्री आठ ते सकाळी आठ. दोन आठवडे ग्लुकोमीटरवर उठल्यावर आणि जेवणाआधी साखर पाहून लिहून ठेवा. 70 च्या खाली गेली तर उपास तिथेच संपला. तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर तेवढीच परत, सावरली की जेवा. पेढा किंवा चिक्की नको, स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. इन्सुलिन घेणारे, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, अठराच्या आतली मुलं यांनी वजनासाठी उपास करूच नये.

प्रश्न : उपासाच्या दिवशी डोकं ठणकतं. शेतावरही जावं लागतं.
– एक वाचक, शहादा

उत्तर : दुपारच्या आधीच दुखत असेल तर बहुधा चहा सुटल्यामुळे. आठवडाभर आधीपासून रोज अर्धा कप कमी करा, किंवा कोरा, बिनसाखरेचा घ्या. दुपारनंतरचं दुखणं पाणी-मिठाचं. वैशाखात तापमान 44 वर असताना निर्जळी उपास करून रानात जाऊ नका. सोबत ताकाची बाटली ठेवा, लिटरला अर्धा चमचा मीठ. लघवी गडद पिवळी झाली की सावलीत बसा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मात्र मीठ आणि उपास दोन्ही आधी डॉक्टरांना विचारून.