कडीचं तोंड जुळत का नाही?

प्रश्न : कटरने कापलेल्या चांदीच्या कड्या मिटल्या तरी तोंडाशी फट राहते. चांगला कटर घ्यावा का?

उत्तर : कटर महागाचा घेतला तरी तो एका अंगाने तार सपाट तोडतो आणि दुसऱ्या अंगाने चिमटतो. त्यामुळे कडीचं एक टोक सपाट, दुसरं टोकदार. कटरच वापरायचा असेल तर आधी सळईवर वेढे घालून केलेल्या तारेच्या गुंडाळीचं टोक सपाट करून घ्या, मग कटर उलटा धरून एक वेढा तोडा. दर कडीला हे करावं लागतं आणि दर वेळी थोडी तार वाया जाते.

आमची शिफारस करवतीचीच. १ मिमी तारेला ३/० किंवा ४/० नंबरचं पातं पुरतं. दाते मुठीकडे ठेवा, कारण पातं ओढताना कापायला हवं. त्यावर मेण फिरवा. गुंडाळी लाकडी काठीवर सरकवून वरून चिकटपट्टी लावा, नाहीतर कड्या उडतात. पातं जरा तिरकं धरलं की एकेक वेढा सुटत जातो. समोरच्या बाजूची तार मात्र कापू देऊ नका. जोर लावला की पातं मोडतं. हात हलका ठेवा.

प्रश्न : आतला व्यास ४ मिमी, तार १ मिमी. ५० कड्यांना किती तार?

उत्तर : व्यासात तारेची जाडी मिळवा आणि ३.१४ ने गुणा : ५ × ३.१४ = १५.७ मिमी. पन्नासांना सुमारे ७९ सेंमी. करवतीचा कीस आणि वाया जाणारी टोकं धरून ८५ ते ९० घ्या. सळईवरून उतरवल्यावर गुंडाळी किंचित सैलावते, पितळ तर जास्तच. माप काटेकोर हवं असेल तर आधी पाच वेढे घालून मोजून पाहा.

प्रश्न : परदेशी कृतीत २० गेज लिहिलंय. इथली २० नंबरची तार जाड निघाली.

उत्तर : अमेरिकी २० गेज म्हणजे ०.८१ मिमी, ब्रिटिश पद्धतीचं २० म्हणजे ०.९१. दुकानात मिलिमीटरच सांगा.

प्रश्न : मंगळसूत्राच्या कड्या ओढ बसली की उघडतात.

उत्तर : कडी उघडताना टोकं एकमेकांपासून लांब ओढू नका, एक पुढे, एक मागे अशी वळवा. मिटताना ती आत दाबत एकमेकांपलीकडे थोडी न्या आणि परत आणा, म्हणजे तोंड ताणून बसतं.

रोज अंगावर राहणाऱ्या दागिन्यात मात्र डाख (तोंड जोडणारा, वितळवून लावायचा धातू) द्याच, काळे मणी ओवायच्या आधी. कडी उजेडात धरली तर तोंडातून प्रकाश दिसता कामा नये. डाख फट भरून काढत नाही. टाकणखार (बोरॅक्स) लावा, डाखाचा अगदी बारीक कण ठेवा आणि ज्योत अख्ख्या कडीभोवती फिरवा. डाख जास्त तापलेल्या बाजूकडे धावतो, म्हणून एकच टोक तापलं तर तो तिथेच साचतो. तापल्यामुळे तार मऊ पडते. गार झाल्यावर कडी सळईवर चढवून लाकडी हातोडीने हलके ठोके द्या.