आधी तोबऱ्यात हात घाल

लेकरा,

तुझा फोन येऊन गेल्यापासून दोन रात्री धड झोप नाही. तू रडला नाहीस, पण आवाज दाबून बोलत होतास. मागून तुझे चुलते म्हणालेलं मला ऐकू आलं, "खोटी घोडी आहे, येत्या माळेगावच्या यात्रेला नेऊन विकून टाक." मी फोनवर गप्प राहिलो. बोललो असतो तर वाकडंच बोललो असतो. म्हणून हे पत्र.

यात्रेत घेतली तेव्हा घोडी अगदी गरीब गाय होती, असं तू म्हणालास. खंडोबाच्या गर्दीत, हलगीच्या आवाजात, शेजारी उंट बांधलेला, तरी ती कान टवकारत नव्हती. आता सहा महिन्यांत तीच घोडी तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना चावायला येते, दावणीला पाय आपटते, रस्त्यावर प्लास्टिकची पिशवी उडाली तरी बिथरते. मग कुणी सांगितलं कपाळावरची केसांची भोवरी खोटी, कुणी सांगितलं दृष्ट लागली, आणि दुकानदारानं सांगितलं की कसली तरी कमतरता आहे. तू मला चार डब्यांचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, काका, पाचवं कोणतं आणू?

पाचवं काही आणू नकोस. तिच्या तोंडाला दाण्याची पिशवी बांधतोस ना, तो तोबरा. आधी तोबऱ्यात हात घाल.

भोवरी यात्रेतही होती, तिथंच होती. घोडी मात्र सहा महिन्यांत बदलली. मग या सहा महिन्यांत तिच्या आयुष्यात बदललं काय, एवढंच शोधायचं आहे. लगाम बदलला, नाल बदलले, जागा बदलली, हे तू आपणहून सांगितलंस. ती काय खाते हे मला खोदून विचारावं लागलं, आणि तेव्हाही तू म्हणालास, "काही कमी पडू देत नाही, काका." या वाक्याचीच मला धास्ती आहे. हे वाक्य मी वीस वर्षं बोललो.

तुझ्याच तोंडचा हिशोब मांडतो. सकाळी दीड किलो हरभरा भिजवून, त्यात किलोभर मक्याचा भरडा, गुळाचा खडा, वर गव्हाचा कोंडा. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे कोंडा सोडला तरी दिवसाला पाच किलो चंदी. कडबा दोन पेंढ्या, "तोही उरतो". काम म्हणशील तर लग्नसराईत आठवड्याला एक-दोन वराती, आणि आता तिथी संपल्यापासून घोडी नुसती उभी. साडेतीनशे किलोची घोडी, बाबा, आणि पाच किलो दाणा खाऊन उभी! ती तुला चावणार नाही तर काय करेल?

नीट समजून घे, कारण हे मला समजायला फार उशीर झाला. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, मोठ्या घोड्याचंही ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, घोडं खात असो वा नसो. ते मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. किलोभर वाळला चारा चावायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात, किलोभर दाणा १० मिनिटांत संपतो. मोकळं घोडं दिवसातले १६-१७ तास चरतं ते उगीच नाही. तुझी घोडी तासाभरात सगळा दाणा उरकते आणि उरलेला दिवस पोटात आम्ल घेऊन उभी राहते. जठराला व्रण पडले की तंग आवळताना जीव कळवळतो. तू म्हणतोस ती माजली. अरे, तिला दुखत असेल!

दुसरी गोष्ट स्टार्चची, म्हणजे दाण्यातल्या पिठाची. एका वेळच्या चंदीत घोड्याच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या वर स्टार्च जाऊ नये, म्हणजे तुझ्या घोडीला साडेतीनशे ग्रॅम. मक्यात साधारण ७० टक्के स्टार्च, हरभऱ्यात ४०. तूच गुणाकार कर. तू एका तोबऱ्यात तेराशे ग्रॅम घालतोस, जवळजवळ चौपट. त्यातला जो लहान आतड्यात पचतो त्याची साखर होऊन रक्तात उसळते. न पचलेला मागं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, तिथले चारा पचवणारे जंतू मरतात, आणि पोटशूळ नाही तर खुरांची सूज दारात येऊन उभी राहते. दाण्यावर ठेवलेली घोडी नव्या वस्तूला जास्त दचकतात आणि चाऱ्यावरची कमी, हे परदेशात प्रयोग करून पाहिलेलं आहे. मला ते कळायला प्रयोग लागला नाही, माझी घोडी गेली.

कुमेत, म्हणजे लालसर तपकिरी रंगाची होती. चाल अशी की पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवावा. वरातीला तिची मागणी वाढली तशी मी चंदी वाढवत गेलो. हरभरा, गूळ, तूप, अंडी, वर टॉनिकची बाटली. घरात पोरांना तूप मिळत नव्हतं तेव्हा घोडीच्या चंदीत तूप होतं, हे माझी बायको अजून बोलून दाखवते. घोडी अशी झळकायची की लोक अंगावरून हात फिरवायचे. मग ती दावणीचं लाकूड कुरतडू लागली. मी त्या लाकडाला मिरची चोळली. कुरतडणं थांबेना म्हणून आणखी चोळली. ती चारा मागत होती, आणि तिला सांगायला एवढीच एक तऱ्हा होती. एका वरातीत फटाका वाजला आणि ती दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव पडला, हात मोडला. मी तिला सगळ्या मांडवासमोर चाबकानं मारलं आणि त्याच मार्गशीर्षात माळेगावला पडेल भावात विकली. घेणाऱ्यानं विचारलं, खोड काय? मी म्हणालो, भोवरीची आहे.

मला आज कुणी दोष दिला तर मी ऐकून घेतो, पण सगळा दोष घेत नाही. त्या काळी आमच्यात कुणीच असं बोलत नव्हतं. घोड्याला दाणा म्हणजे माया, आणि ज्याचा तोबरा जड तो मालक चांगला, हेच वडलांनी शिकवलं आणि वडलांना त्यांच्या वडलांनी. ते चुकीचंही नव्हतं. त्यांची घोडी टांग्याला दिवसभर जुंपलेली असायची, खाल्लेलं जिरायचं. काम गेलं आणि तोबरा तेवढाच राहिला, ही आमची चूक. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला समजावत आलोय. तुला मात्र वेळेवर सांगतोय.

मला कळलं ते २०१६ च्या उन्हाळ्यात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तो उन्हाळा. हरभऱ्याचा भाव चढला, हातात पैसा नाही, तेव्हाच्या माझ्या घोड्याची चंदी आपोआप पाव किलोवर आली. वसमतच्या बहिणीनं मात्र दोन खेपा कडबा धाडला, तोच दिवसभर पुढं टाकत राहिलो. दीड महिन्यात घोडा निवळला. तुला वाटेल उपासानं गळाला असेल. मलाही तीच शंका होती, म्हणून रोज बरगड्यांवरून हात फिरवायचो. बरगडी हाताला लागायची पण डोळ्याला दिसायची नाही, आणि घोडं असंच असावं. परभणीला शिकलेल्या एका तरुण डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून वर लिहिलंय ते सगळं समजावलं. मी घरी आलो, आणि सगळ्यात आधी ते मिरची चोळलेलं लाकूड आठवलं.

गावात अजून म्हणतात, म्हातारा चिकट झाला, घोड्याला दाणा घालत नाही. म्हणू देत. माझं घोडं लहान पोराच्या हातून पाणी पितं.

आता तुझे डबे. एकात मॅग्नेशियम आहे, शांत करणारी पावडर म्हणून दिलेलं. अंगात त्याची कमतरता असेल तर उपयोग, नसेल तर तोबऱ्यातल्या मक्यापुढं त्याचं काय चालणार? चुलीत लाकडं सारायची आणि वरून पाण्याचा हबका मारायचा, तसलं हे काम. दुसऱ्यात ट्रिप्टोफॅन आहे. त्यानं घोडं शांत होतं याची खात्री कुणी देऊ शकत नाही, थोड्या मात्रेत काही घोडी उलट चळवळी होतात, आणि मात्रा फार झाली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तिसरं लोहाचं टॉनिक. चारा खाणाऱ्या घोड्याला लोह सहसा कमी पडत नाही. चौथ्या डब्यावर सेलेनियम लिहिलंय आणि दुसऱ्यावरही बारीक अक्षरात लिहिलंय, ते तू वाचलं नाहीस. सेलेनियम लागतं कणभर आणि जास्त झालं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरं सोलून निघतात. चारही डबे कपाटात ठेव. कुणी डॉक्टर रक्त तपासून म्हणाले तर एकच काढ.

कोंड्याचंही तसंच. कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नाममात्र. रोज पाटीभर कोंडा गेला की घोडं स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढतं, हाडं दुखतात, आणि दुखणारं जनावर पाठीवर माणूस सहन करत नाही. लसूणघास थोडा चालू कर, त्यात कॅल्शियम आहे आणि जठरातलं आम्लही तो दाबतो. काम करायच्या आधी दोन मुठी कुट्टी किंवा लसूणघास खाऊ घाल, मग तंग आवळ.

आणि मका! मक्याचं पोतं उघडून हात खोल घाल. ढेकूळ लागलं, कुबट वास आला, दाण्यावर पांढरी-गुलाबी बुरशी दिसली, तर त्या क्षणी बंद, कोंबड्यांनाही टाकू नकोस. बुरशी लागलेल्या मक्यानं घोड्याचा मेंदू सडतो. घोडं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, गोल फिरतं आणि मरतं. भिजवलेल्या हरभऱ्याची बादलीही हुंगून बघ. आपल्या उन्हाळ्यात रात्रीचा हरभरा सकाळी फेसाळतो, बोटाला बुळबुळीत लागतो, आंबूस वास मारतो. तू तो पाण्यानं धुऊन घालत असशील. मीही घालायचो. आणि गाई-कोंबड्यांची तयार पेंड कधीही घालू नकोस. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, घोड्याचं काळीज त्यानं बंद पडतं.

बुरशी नसेल तर मात्र एकदम काही तोडू नकोस. दहा ते चौदा दिवस घे. आधी मका उतरव, मग गूळ, मग हरभरा. उभ्या दिवसात दाणा जवळजवळ नकोच. कडबा वजन करून घाल, दिवसाला सहा-सात किलो, चार वेळा वाटून, रात्रीचा सगळ्यात मोठा. बांधावरची हराळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. अंग उतरतंय वाटलं तर करडईचं तेल चमच्यानं सुरू करून हळूहळू शंभर मिलीपर्यंत ने. तेलानं ताकद येते, स्टार्चची उसळी येत नाही. मीठ थोडं रोज, पाणी सतत. या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत तारीख घालून लिहायची. तू चार डबे एकदम सुरू केलेस, आता कशानं काय झालं हे तुझी घोडीसुद्धा सांगू शकणार नाही.

याचा अर्थ सगळं तोबऱ्यातच असतं असा नाही. दात बघून घे, पाठ दाबून बघ. आणि वागणं एका-दोन दिवसांत पार बदललं, गिळता येईना, लाळ गळू लागली, तर तोंडात हात घालू नकोस, दूर हो आणि डॉक्टरांना बोलाव, कारण पिसाळलेलं कुत्रं चावून गेलेलंही असू शकतं. तुझी घोडी सहा महिन्यांत हळूहळू बदलली आहे. म्हणून मी पुन्हा तिथंच येतो. आधी तोबऱ्यात हात घाल.

चुलत्यांशी भांडू नकोस, त्यांनी आयुष्यभर बैल सांभाळले, बैलाचं पोट वेगळं. त्यांना एवढंच सांग की काकांनी दोन महिने मागितलेत. विकायची वेळ आलीच तर घेणाऱ्याला ती काय खाते ते सांगून विक, भोवरी सांगून विकू नकोस.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. शनिवारी रात्रीचा तोबरा धुवू नकोस, तळाला उरलेलं तसंच राहू दे. घरात धान्य मोजायचा काटा असेल तर काढून ठेव, आणि कडब्याची एक पेंढी मी येईपर्यंत सोडू नकोस.

तुझा काका