किलीफिश, 'वार्षिक' मासा आणि वर्ष नावाचा पाऊस

प्रश्न असा आहे: म्हातारपणावरच्या संशोधनाच्या एका मराठी बातमीत 'नोथोब्रँकियस फुर्झेरी' या आफ्रिकी माशाला आधी 'मारेकरी किलीफिश' आणि पुढे 'वार्षिक मासा' म्हटलं होतं. किलीफिशचा मारण्याशी काही संबंध आहे का, 'वार्षिक' म्हणावं की 'वर्षायू', आणि फुर्झेरी ही काय भानगड आहे?

मारण्याशी काडीचाही संबंध नाही. मासा बोटभर, पाच-सहा सेंटिमीटरचा. डबक्यातले बारीकसारीक जीव खातो आणि स्वतः बगळ्याच्या पोटात जातो. पण इंग्रजीत 'किल' दिसलं की आपल्याकडे कुणाचा तरी खून झालाच पाहिजे. हे 'मारेकरी' मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. 'किल' हा डच शब्द आहे, अर्थ ओहोळ, वहाळ, पाण्याची चिंचोळी वाट. डच लोक सतराव्या शतकात अमेरिकेतल्या हडसन नदीच्या काठी वसले आणि कॅट्सकिल, फिशकिल अशी नावं मागे ठेवून गेले. तिकडच्या ओढ्या-खाड्यांतल्या बारक्या माशांना त्यावरूनच किलीफिश म्हणू लागले असं मानतात, आणि पुढे आफ्रिकेतल्या भाऊबंदांनाही तेच नाव चिकटलं. फसतात ते आपलेच लोक असंही नाही. 1996 मध्ये 'पेटा' या प्राणिहक्कवाल्या संस्थेनं फिशकिल गावाला नाव बदलण्याची सूचना केली होती, कारण काय तर त्यात माशांची हत्या दिसते! डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, पण तिथल्या वहाळांना त्यांनी किल म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता 'वार्षिक'. खरी मजा इथे आहे.

इंग्रजीत याला 'ॲन्युअल फिश' म्हणतात आणि ते साफ चूक आहे. हा मासा वर्षभर जगतच नाही. झिंबाब्वेच्या आग्नेय टोकाला गोनारेझू नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या आणि शेजारच्या मोझांबिकमधल्या पावसाळी डबक्यांत तो राहतो. पाऊस पडला की डबकं भरतं आणि अंडी फुटतात. निसर्गात दोन आठवड्यांत पिल्लू वयात आल्याच्या नोंदी आहेत. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्या प्राण्याला इतकी घाई असल्याचं ठाऊक नाही. डबकं आटलं की सगळे मासे खलास. प्रयोगशाळेत खाणंपिणं वेळच्या वेळी मिळूनही चार-सहा महिन्यांत तो म्हातारा होऊन मरतो. रंग फिके पडतात, पाठीला बाक येतो, पोहणं मंदावतं. म्हणून तर म्हातारपणाचे अभ्यासक याच्यामागे लागले आणि 2015 मध्ये त्याचा अख्खा जनुकसंच वाचून काढला. तर 'ॲन्युअल' कुठून आलं? लॅटिन 'ॲनस' म्हणजे वर्ष. त्याचं मूळ भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'अत्' धातूशी, म्हणजे जाण्याशी, जोडतात. रोमन लोकांचं वर्ष म्हणजे एक फेरा. माशाचा फेरा काही पुरा होत नाही.

आपलं वर्ष हा फेरा नाहीच, तो पाऊस आहे. 'वृष्' म्हणजे बरसणे. त्यावरून वृष्टी, वर्षाव, वर्षा, आणि तोच शब्द साल मोजायला. ग्रीकमधलं 'हेर्से', म्हणजे दव, हे याचं लांबचं भावंड. ऋतूवरून साल मोजायची आपली खोड जुनीच. वेदांत शंभर शरद मागतात, शंभर हिमही मागतात. 'अब्द' तर आणखी झकास: अप् म्हणजे पाणी, ते देणारा तो अब्द, म्हणजे ढग, आणि अब्द म्हणजे वर्षही. संस्थांच्या शताब्दीचे फलक लावणाऱ्यांना आपण शंभर ढग मोजतोय याचा पत्ता नसतो. आणि 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असं दरडावणारे काका वेगळं काय करतात?

यावर एक आक्षेप हमखास येतो: व्युत्पत्ती काही असो, 'वार्षिक' म्हणजे दरसालचं, जसं वार्षिक परीक्षा, वार्षिक वर्गणी. असं म्हणणाऱ्यांनी पाणिनी उघडावा. 'वर्षाभ्यष्ठक्' असं सूत्रच आहे: वर्षा ऋतूचं ते वार्षिक. किष्किंधाकांडात राम सुग्रीवाला श्रावण हा पहिला 'वार्षिक' मास असल्याचं सांगतो. श्रावण सालातून एकदा येतो म्हणून वार्षिक नव्हे, पावसाचा म्हणून वार्षिक. तेव्हा बातमीदारानं डोळे मिटून भाषांतर केलं आणि इंग्रजीपेक्षा बरोबर शब्द हाती लागला.

'वर्षायू' हा वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेतला शब्द. तीळ-बाजरीला ठीक. परिभाषा करणारी मंडळी त्याचा विग्रह 'एक वर्ष आयुष्य असलेला' असा करतात आणि त्याच विग्रहानं तो माशाला लावा म्हणतात. इथं माझं त्यांच्याशी भांडण आहे. 'एक पाऊस आयुष्य असलेला' असा विग्रह करायची तयारी असेल तर मी आज सही करतो. नाहीतर आपला 'एकपावसाळी मासा' काय वाईट आहे? कोश करणाऱ्यांना पावसाळ्याची एवढी लाज का वाटावी, कळत नाही.

पुन्हा, तो पावसावर नुसता जगत नाही, पावसासाठी थांबतो. नर पाठीवरचा पर मादीवर मुडपून तिला धरतो, दोघं डबक्याच्या तळाला टेकतात, आणि एका वेळी एक अंडं चिखलात जातं. डबक्याचा तळ म्हणजे फुगणारी, वाळली की भेगाळणारी काळी माती, आपल्या कापसाच्या रानासारखीच. केनियात अशा मातीला इंग्रजीत 'ब्लॅक कॉटन सॉइल'च म्हणतात. त्या मातीत अंडी महिनोन्‌महिने राहतात. आतल्या गर्भाची वाढ ठरावीक तीन टप्प्यांवर थांबू शकते, आणि सगळी अंडी एकाच पावसाला फुटत नाहीत. पहिली सर फसवी निघाली तर मागे शिल्लक हवी ना. या थांबण्याला 'शीतनिद्रा' लिहिणाऱ्यांनी उन्हाळ्यात त्या ढेकळांवर अनवाणी उभं राहून दाखवावं. 'ग्रीष्मनिद्रा'ही नको. ती फुप्फुसमाशाची, तिथे मोठा मासाच चिखलात झोपतो. इथे मोठे केव्हाच मेलेले असतात. 'विराम' म्हणा. शास्त्रात याला 'डायापॉज' म्हणतात, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच.

हां, फुर्झेरी. रिचर्ड फर्झर यांनी 1968 मध्ये गोनारेझूत हा मासा पकडला, माशांचे अभ्यासक जब (Jubb) यांनी 1971 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. शेवटची 'ई' ही लॅटिनची षष्ठी, म्हणजे 'फर्झरचा'. नोथोब्रँकियस म्हणजे ग्रीकमध्ये खोटे कल्ले. 'फुर्झेरी' लिहिलंत तरी चालेल, बोलताना 'फर्झेरी' म्हणा.