प्रासादिक कविता आणि पंगतीतला प्रसाद

साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलं आहे, की कवितेला 'प्रासादिक' म्हणतात त्याचा संबंध 'प्रासाद' म्हणजे राजवाड्याशी, की सज्जनगडावर पंगतीत वाढतात त्या प्रसादाशी?

पंगतीतल्याच प्रसादाशी. 'समाज'वरून 'सामाजिक', तसं 'प्रसाद'वरून 'प्रासादिक'. मूळ धातू 'सद्', म्हणजे बसणं. गाळ खाली बसून निवळलेल्या पाण्याला संस्कृतात 'प्रसन्न' म्हणतात. त्यावरून मनाची प्रसन्नता, मग प्रसन्न झालेल्याची कृपा आणि पुढे ती कृपा हातावर पडते तो घास. 'पसायदाना'तला 'पसाय' हाही प्रसादच. काव्यशास्त्रात माधुर्य, ओज, प्रसाद असे तीन गुण सांगतात. त्यातल्या प्रसादाचा अर्थ, वाचताक्षणी आशय उलगडणं.

समर्थांचा अर्थ मात्र याहून निराळा आहे आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. दासबोधाच्या १४व्या दशकातला तिसरा समास कवित्वाचा. त्यात धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार येतात. मनाला आलं ते बळेच रचलं, तर धीट. ग्रंथ पाहून त्यांच्यासारखं उतरवलं, तर पाठ. प्रासादिकाकडे येताच समर्थ एकदम कवीच्या जगण्याकडे वळतात: ज्याला वैभव, कांता, कांचन हे वमन वाटतं, ज्याच्या अंतरी अखंड ध्यान लागलं आहे, त्याच्या तोंडून सहज निघतं ते प्रासादिक. इतकी कडक कसोटी!

याच्या लगेच आधीचा, दुसरा समास भिक्षेचा आहे. भिक्षा मागून जेवला तो निराहारीच, असं समर्थ तिथे म्हणतात. हे दोन समास सलग वाचावेत. झोळीतलं अन्न काय किंवा ओठांवर आलेली ओवी काय, या विरक्त पंथात दोन्ही दिलेलं म्हणूनच घ्यायचं. आपल्या बोलण्यातही ते उतरलं आहे. प्रसाद आपण 'घेतो'. गडावर आलेल्याला 'जेवून जा' म्हणण्यापेक्षा 'प्रसाद घेऊन जा' म्हणणंच शोभतं.

लेखनाबद्दल एवढंच, की जुन्या प्रतींत 'प्रसादिक' असं रूप भेटतं, आज 'प्रासादिक' लिहावं. समीक्षक एखादी शैली प्रासादिक म्हणतो, तेव्हा बहुधा काव्यशास्त्रातला अर्थ घ्यावा; कीर्तनकार एखाद्या अभंगाला तसं म्हणतो, तेव्हा समर्थांचा.