मोरेनवरचे धोंडे, बेरिलियम-10 आणि परवान्यातला एक रकाना

वायोमिंगमधल्या टीटन आणि विंड रिव्हर पर्वतांतल्या पाइनडेल काळाच्या (शेवटच्या हिमयुगातल्या) मोरेनांवरून, म्हणजे हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या बांधांवरून, वय काढण्यासाठी या उन्हाळ्यात नमुने घ्यायचे आहेत, 5 सेंमी जाडीचा तुकडा चालेल का, आणि पश्चिम अमेरिकेत सध्या कोणत्या विषयाला मागणी आहे, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता "परवाना होऊन जाईल" असेही लिहिले आहे. नेमके तिथेच घोडे पेंड खाते (माझेही तिथेच अडले होते), म्हणून आधी त्यावरच लिहितो. वैश्विक किरणांच्या माऱ्याने उघड्या धोंड्यातल्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-10 हे समस्थानिक साठत जाते आणि त्याच्या अणुसंख्येवरून धोंडा किती वर्षे उघडा आहे ते कळते, हे सगळे तुम्हाला येतेच असे धरून चालतो.

नकाशावर एकच दिसणारी मोरेनांची रांग प्रत्यक्षात तीन-चार मालकांची असते. जेनी लेक अडवणारी मोरेन ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात. फ्रीमाँट लेकच्या बाजूला राष्ट्रीय वन, तिथून वर चढलात की ब्रिजर वाइल्डरनेस (कायद्याने राखलेले रान). पायथ्याला उतरलात की भूव्यवस्थापन विभागाची जमीन. विंड रिव्हरच्या पूर्व अंगाला ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो यांचे आरक्षण, तिथे तर परवानगी आदिवासी प्रशासनाचीच लागते. एकाचा कागद दुसऱ्याकडे चालत नाही. प्रत्येक धोंड्याचे अक्षांश-रेखांश संगणकी नकाशातल्या हद्दींच्या थरावर टाकून पाहा आणि मगच अर्ज लिहा.

राष्ट्रीय उद्यानाच्या अर्जात नमुन्यांचे पुढे काय होणार याचा एक रकाना असतो. बहुतेक जण सौजन्य म्हणून "संग्रहात ठेवू" असे भरतात आणि हंगाम गमावतात. उद्यानातून घेतलेला आणि कायम ठेवलेला दगड सरकारी मालमत्ता राहतो, त्याची नोंद होते, तो विरघळवून टाकता येत नाही. तुम्ही तर तो दळणार आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात संपवणार. तेव्हा "विश्लेषणात नष्ट होणार" हेच निवडा, आणि उरलेल्या भुकटीचे काय करणार तेही एका ओळीत लिहा. चूक नंतर सुधारता येते, पण फेरतपासणी होते. उंचावरच्या मोरेनांवर बर्फ नसलेला काळ जेमतेम जुलै ते सप्टेंबरचा मध्य. कागद ऑगस्टअखेर हाती आला तर वर्ष गेलेच म्हणायचे.

अर्ज किमान 90 दिवस आधी करा. "काही नमुने" असे मोघम लिहू नका. धोंडे किती, प्रत्येकी कमाल किती किलो, कोणत्या हत्याराने, हे सगळे मांडा. वाटेवरून दिसणार नाही अशा बाजूनेच खपली काढू, हे आपणहून लिहा. उद्यानवाल्यांना दगडावरच्या ताज्या व्रणाचा राग फार असतो आणि तो रास्तच आहे.

एका कार्यालयाबद्दल (नाव नको) मनात अजून राग आहे. फोनवर "अर्ज पूर्ण आहे" म्हणायचे आणि पुढच्या टेबलावर तोच अर्ज अपूर्ण ठरायचा. तेव्हा फोनवर बोललात तरी त्याच दिवशी मेल टाकून "आपण असे सांगितलेत" हे लेखी करून ठेवा. सगळी कार्यालये अशी नसतात, आणि नियम बदलतात, म्हणून माझ्यावर विसंबून न राहता चालू अर्ज स्वतः वाचा.

वाइल्डरनेसमध्ये 1964 च्या कायद्याने यंत्रचलित अवजारे बंद आहेत. बॅटरीचा ग्राइंडरही त्यातच मोडतो. छिन्नी-हातोडी एवढेच. हाताने फोडले की तुकडे एका बाजूला 2 सेंमी, दुसरीकडे 6 सेंमी निघतात. म्हणून तुमच्या 5 सेंमीच्या प्रश्नाचे उत्तर: चालेल, पण जाडी जागेवरच मोजा, प्रत्येक तुकड्याची, वजनासकट. किरणांचा मारा दगडात सुमारे 60 सेंमीला एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. 5 सेंमी तुकड्यात बेरिलियम-10 चे सरासरी उत्पादन पृष्ठभागापेक्षा सुमारे 4 टक्के कमी असते. ही दुरुस्ती राहिली तर 16,000 वर्षांच्या मोरेनवर सहाशेहून अधिक वर्षांची चूक होते.

धोंडा माथ्यावरचाच घ्या, मीटरभर तरी उंच, पायथा रुंद, वरचा भाग सपाट. कडेपासून आत सरका. हिमनदीची झिलई दिसली तर सोने. एका माथ्यावर पाच-सहा धोंडे हवेतच: आधी कुठेतरी उघडा पडलेला धोंडा खोटा म्हातारा निघतो, मातीतून उशिरा वर आलेला खोटा तरुण, आणि दोन-तीन नमुन्यांत कोण खोटे बोलतोय ते कळत नाही. ग्रॅनाइट किंवा नाइस (क्वार्ट्झ असलेला पट्टेदार रूपांतरित खडक) असेल तर प्रत्येकी एक-दीड किलो पुरे.

बर्फाच्या आच्छादनाकडे लोक काणाडोळा करतात. 0.3 घनतेचा मीटरभर बर्फ वर्षातून चार महिने बसला तर वय सुमारे 6 टक्क्यांनी कमी दिसते. वारा खाणारे उंच धोंडे निवडायचे ते म्हणूनच. झीज मात्र वयावर अवलंबून असते. हजार वर्षांना 1 मिमी झीज धरली तर 16,000 वर्षांच्या दगडावर फरक जेमतेम सव्वा टक्का. तीच झीज बुल लेक काळाच्या (पाइनडेलच्या आधीच्या हिमयुगातल्या) 1,40,000 वर्षांच्या दगडावर 11 टक्के खाते. त्यामुळे बुल लेकचे धोंडे "जमल्यास" घेऊ, असा विचार असेल तर सोडा.

शेजारच्या अब्सारोका पर्वतांकडे वळायचा मोह होईल. तिथला अंडेसाइट (ज्वालामुखी खडक) क्वार्ट्झ देत नाही. त्यासाठी पायरॉक्सीन या खनिजामधला हेलियम-3 किंवा क्लोरीन-36 लागेल, म्हणजे प्रयोगशाळाही वेगळी.

विषयांबद्दल, हे माझे वैयक्तिक मत: ग्रँड कॅन्यन 7 कोटी वर्षांपूर्वीचे की 50-60 लाख वर्षांपूर्वीचे, या भांडणात पदव्युत्तर प्रबंध घेऊन पडू नका. वणव्यानंतरचे चिखल-दगडांचे लोट (जानेवारी 2018 चे मॉन्टेसिटो आठवा) हा विषय जोरात आहे, पण पर्जन्यमापक पावसाआधी बसलेले असावे लागतात. तुमच्या नमुन्यांना सर्वात चांगले गिऱ्हाईक भूकंपवाले आहेत. टीटन प्रस्तरभंगाने पाइनडेलच्या मोरेना तोडल्या आहेत. लिडारवरून (विमानातून लेसरने केलेल्या उंचीच्या मोजणीवरून) भंगाने पाडलेल्या पायरीची उंची मिळते आणि मोरेनचे वय मिळाले की सरकण्याचा वेग निघतो. प्रस्ताव त्या अंगाने लिहा.

प्रयोगशाळेबद्दल एवढेच: 250 ते 500 मायक्रॉनचे चाळलेले कण, क्वार्ट्झमधले ॲल्युमिनियम 200 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 200 भाग) आत येईपर्यंत पातळ आम्लाचे हात, आणि प्रत्येक तुकडीबरोबर कोरा (दगडाचा क्वार्ट्झ नसलेला) नमुना.

आणि हो, जुन्या शोधनिबंधांतली वये आहेत तशी तुमच्या आलेखावर टाकू नका. तेव्हा समुद्रसपाटीला, उच्च अक्षांशावर, क्वार्ट्झच्या ग्रॅमला वर्षाला बेरिलियम-10 चे सुमारे 5 अणू तयार होतात असे धरत, आता सुमारे 4. त्याचे अर्धायुष्य 15 लाख वर्षे धरत, आता 13.87 लाख. मोजणीचे प्रमाणकही (ज्याच्याशी तुलना करून अणू मोजतात तो संदर्भ) 2007 मध्ये सुधारले. त्यामुळे मूळ अणुसंख्या, जाडी आणि कोणते प्रमाणक वापरले होते ते तक्त्यांतून उचला आणि सगळी वये एकाच गणकयंत्रात पुन्हा काढा.